घड्याळातली झोप हा अंदाज आहे, हे मराठीत आणि ठळक अक्षरात लिहायला लावा

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

जळगाव जिल्ह्यात अमळनेरला माझं औषधाचं दुकान आहे. तालुक्याच्या गावात औषधाच्या दुकानावर माणसं फक्त औषध घ्यायला येत नाहीत. डॉक्टरांकडे जावं की थांबावं, हे आधी काउंटरवर विचारलं जातं. गेल्या काही वर्षांत या काउंटरवर एक नवीन तक्रार येऊ लागली आहे. तिचं मूळ आपल्या अखत्यारीत आहे असं माझं ठाम मत झालं, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

माणूस येतो, मनगट पुढे करतो, नाहीतर मोबाईल उघडून दाखवतो. ‘ताई, मन्हा घड्यायमा गाढ झोप कमी दखाडस, एखादी गोई दे.’ पूर्वी झोपेची गोळी मागायला येणारा सांगायचा की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. आता झोप लागते का म्हणून विचारलं तर म्हणतो, लागते की. पण घड्याळातला झोपेचा स्कोअर शंभरात बासष्टच्या वर जात नाही. सकाळी उठल्यावर बरं वाटत होतं, घड्याळ बघितलं आणि अंग जड झालं, असं सांगणारेही भेटतात. ही माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना खरोखरच तसं वाटतं, आणि त्याचं कारण पुढे सांगते.

माझी मागणी आधी मांडते. झोपेचा आकडा दाखवणारं घड्याळ किंवा पट्टा विकताना जाहिरातीत, खोक्यावर आणि जिथे तो आकडा दिसतो त्या पडद्यावर, ज्या भाषेत विक्री झाली त्याच भाषेत आणि त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिलेलं असावं की हा अंदाज आहे, वैद्यकीय तपासणी नाही. यातल्या बऱ्याचशा गोष्टीसाठी नवा कायदा करायची गरज नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये जाहिरातीची जी व्याख्या आहे, तिच्यात लेबल आणि वेष्टनही येतं. आपणच जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की खुलासा हा दाव्याच्याच भाषेत हवा आणि दावा ज्या अक्षरांत आहे त्याच अक्षरांत हवा.

आता हे बघा. आमच्या बसस्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानावर फ्लेक्स लागला आहे. ‘झोप, ऑक्सिजन, हार्टबीट, सगळं मनगटावर’, अशी हातभर उंचीची मराठी अक्षरं. त्याच दुकानातून घेतलेल्या एका घड्याळाचं खोकं हे लिहिताना माझ्यासमोर आहे. वरच्या बाजूला चंद्र, चांदण्या आणि झोपेचा रंगीत आलेख. खालच्या बाजूला, बारकोडच्या शेजारी, इंग्रजीत एक ओळ: हे वैद्यकीय उपकरण नाही, सर्वसाधारण स्वास्थ्यासाठी आहे. औषधाच्या पाकिटावरची बारीक छपाई वाचणं हे माझं रोजचं काम आहे, तरी ही ओळ मला ट्यूबलाइटखाली धरून वाचावी लागली. ज्याने फ्लेक्स वाचून घड्याळ घेतलं त्याला ती कधी दिसलीच नाही, आणि दिसली असती तरी त्याला इंग्रजी येत नाही. दावा मराठीत आणि खुलासा इंग्रजीत, असा हा व्यवहार आहे.

ही ओळ इतकी महत्त्वाची का, ते समजायला घड्याळ काय मोजतं आणि काय मोजत नाही हे बघावं लागेल. झोपेची खरी तपासणी करायची तर डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला तारा लावतात. मेंदूतल्या लहरी, डोळ्यांची हालचाल, स्नायूंचा ताण, श्वास, रक्तातला ऑक्सिजन, सगळं रात्रभर नोंदतात. मग प्रशिक्षित माणूस त्या नोंदीचे तीस तीस सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा कोणत्या टप्प्यातला ते ठरवतो. एवढं करूनही दोन तज्ज्ञांचं एकमेकांशी साधारण ८२-८३ टक्केच जुळतं. घड्याळाकडे यातली मेंदूची नोंद नसतेच. हात हलला की नाही आणि कातडीखालच्या रक्ताच्या ठोक्यांत किती फरक पडला, एवढंच त्याला कळतं. त्यावरून ते गाढ झोप, हलकी झोप, स्वप्नांची झोप असे मिनिटांचे हिशेब मांडतं. शेजारच्या घराच्या धाब्यावरून, म्हणजे छतावरून, चुलीचा धूर दिसला तर घरात स्वयंपाक चालू आहे एवढं सांगता येतं. भाजी कोणती शिजते आहे हे त्या धुरावरून सांगणं म्हणजे अंदाजच.

माणूस साधारण किती वाजता झोपला, किती वाजता उठला, हे घड्याळ बऱ्यापैकी सांगतं, आणि ते मी नाकारत नाही. पण प्रयोगशाळेतल्या तपासणीशी अशा घड्याळांची तुलना केलेल्या अभ्यासांत एक खोट पुन्हा पुन्हा दिसली आहे. अंथरुणात न हलता जागा पडलेला माणूस घड्याळाला अनेकदा झोपलेलाच वाटतो. म्हणजे ज्याला निद्रानाशाचा खरा त्रास आहे, त्याच्याच बाबतीत ते जास्त चुकतं. आणि गाढ झोपेची मिनिटं, ज्यांच्यावर माझ्या गिऱ्हाइकांचा सगळा जीव टांगलेला असतो, तोही असाच कच्चा आकडा.

एका मावशींचं सांगते. साठी उलटलेल्या आहेत, मुलगा पुण्याला नोकरीला. दिवाळीत त्याने आईला घड्याळ आणलं आणि ते स्वतःच्या मोबाईलला जोडून घेतलं. प्रेमानेच केलं हे. आई एकटी राहते, तिची काळजी वाटते. रोज सकाळी त्याचा फोन यायचा: आई, काल गाढ झोप फक्त एकतीस मिनिटं झाली, लवकर झोपत जा, दुपारची झोपू नको. मावशी वर्षानुवर्षं दहाला झोपून चारला उठणाऱ्या, दुपारी जेवणानंतर तासभर आडव्या होणाऱ्या. मुलाच्या सांगण्यावरून दुपारची झोप बंद केली आणि रात्री आठलाच अंथरुणावर जाऊ लागल्या. आठला झोप कशी येणार? अकरापर्यंत टक्क जाग्या. दुकानात त्या आल्या त्या मलम मागायला. डाव्या हाताला मुंग्या येतात, खांदा दुखतो. विचारता विचारता कळलं की रात्री कूस बदलली की घड्याळ जाग धरतं, म्हणून त्या डावा हात उशीखाली दाबून, न हलवता रात्र काढत होत्या. आकडा बरा यावा आणि सकाळी मुलाला बरं वाटावं, म्हणून.

मी त्यांच्या मुलाशी फोनवर बोलले. शिकलेला, समंजस मुलगा आहे. त्याला एवढंच कोणी सांगितलेलं नव्हतं की वयाबरोबर गाढ झोप कमी होतच जाते. तरुणपणी ती एकूण झोपेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते, साठीनंतर बरीच घटते, आणि तो काही आजार नाही. ॲपमध्ये त्या आकड्याशेजारी लाल रंग होता आणि ‘सुधारणा आवश्यक’ असं लिहिलेलं होतं. त्याने ते वाचलं आणि आईची झोप सुधारायला निघाला. मावशींची रात्र अजूनही पूर्वीसारखी झालेली नाही.

ही एकट्या अमळनेरची गोष्ट नाही. शिकागोतल्या झोपतज्ज्ञांनी २०१७ मध्येच असे रुग्ण नोंदवले आणि या अवस्थेला ऑर्थोसोम्निया असं नाव दिलं. घड्याळातला आकडा परिपूर्ण करायच्या ध्यासात झोप बिघडवून घेणारी माणसं ती. त्यांतल्या एका बाईंना प्रयोगशाळेतल्या तपासणीत गाढ झोप लागल्याचं दिसलं, तसं त्यांना सांगितलंही, तरी त्यांचा विश्वास घड्याळावरच राहिला. पुढच्या वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी निद्रानाश असलेल्या लोकांच्या मनगटाला यंत्र बांधलं आणि सकाळी त्यांना झोपेचा खोटाच निकाल दिला. काहींना झोप चांगली झाली असं सांगितलं, काहींना वाईट. ज्यांना वाईट सांगितलं त्यांचा दिवस जास्त थकव्यात आणि उदास गेला, झोप प्रत्यक्षात कशीही झालेली असो. सकाळी बरं वाटत होतं, घड्याळ बघून अंग जड झालं, असं काउंटरवर सांगणारा माणूस खोटं बोलत नाही असं मी वर म्हटलं, ते यामुळे. विकलेल्या घड्याळाने दिलेला आकडा माणसाच्या दिवसावर असा परिणाम करत असेल, तर तो आकडा किती पक्का आहे हे त्याला सांगायलाच हवं.

आता गोळीकडे येते, कारण माझा जीव तिथे जास्त तुटतो. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-१ मधली. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. मी ते इमानाने पाळते. तरी माणसं कुठून ना कुठून मिळवतातच: घरातल्या म्हाताऱ्याच्या उरलेल्या पट्टीतून, जुन्या चिठ्ठीवर, दुसऱ्या गावाहून. यांतल्या पहिल्या तीन गोळ्या बेन्झोडायझेपिन जातीच्या; त्यांनी झोप लवकर लागते, पण मेंदूतल्या लहरींनी ओळखली जाणारी जी खरी गाढ झोप, ती त्यांनी कमी होते. म्हणजे घड्याळातली गाढ झोप वाढावी म्हणून घेतलेली गोळी खऱ्या गाढ झोपेवरच घाव घालते. गोळीमुळे रात्री हालचाल कमी झाली की घड्याळाला मात्र सुधारणा वाटू शकते, आणि मग गोळी कोण सोडणार? वयस्कर माणसांत याच गोळ्यांनी तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे.

निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नाही, हे अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलं. पहिला उपाय सवयी आणि विचार बदलण्याचा. झोप आली तरच अंथरुणावर जायचं, जाग राहिली तर उठून बसायचं, उगाच तास वाढवायचे नाहीत, पहाटे घड्याळाकडे बघत पडायचं नाही. मावशींना ॲपने जे करायला लावलं ते नेमकं याच्या उलट.

उलट्या दिशेचा धोकाही तेवढाच मोठा. रावेर-सावद्याकडून केळी घेऊन दिल्लीकडे जाणारा एक ट्रकचालक माझ्याकडे बीपीची गोळी न्यायला येतो. बायको सांगते, हे घोरतात, मध्येच श्वास थांबतो, मग दचकून उठतात. तो स्वतः सांगतो की दिवसा स्टिअरिंगवर डोळे मिटतात. जाड मान, वाढलेलं वजन, बीपी. झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची सगळी चिन्हं समोर उभी आहेत. मी त्याला तपासणी करून घ्यायला सांगते तर तो मनगट दाखवतो: स्कोअर अठ्ठ्याऐंशी, ‘उत्तम’. श्वास किती वेळा अडतो हे त्या घड्याळाने तपासलेलंच नाही, पण ‘उत्तम’ या शब्दापुढे माझं आणि त्याच्या बायकोचं काही चालत नाही. तो अजून तपासणीला गेलेला नाही. गाडी मात्र चालवतो आहे.

याच जागी कंपन्यांच्या बाजूचंही खरं ते लिहायला हवं. काही महागड्या घड्याळांना झोपेत श्वास अडण्याची शक्यता सुचवण्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. पुरावे मागितले, मर्यादा आखून दिल्या, मग परवानगी दिली. म्हणजे हे करता येतं. सूचना मिळून कोणी वेळेत डॉक्टरांकडे गेलं तर मला आनंदच आहे. पण बसस्टँडवर हजार-दीड हजारात मिळणाऱ्या घड्याळाने त्याच थाटात ‘उत्तम’ म्हणावं आणि त्यामागे काहीच पुरावा दाखवू नये, हे चालवून घेता कामा नये. आपल्याकडे फेब्रुवारी २०२०च्या अधिसूचनेने निदानासाठी किंवा देखरेखीसाठी बनवलेली उपकरणं, सॉफ्टवेअरसह, औषध कायद्याखाली आली. घड्याळवाले मात्र उपयोग ‘स्वास्थ्यासाठी’ असं लिहून त्या दारातून बाहेरच राहतात. बाहेर राहायचं असेल तर राहा. मग फ्लेक्सवरही तसंच लिहा.

आमच्या भागाचं एक वेगळं दुखणंही आपल्यापर्यंत पोचवते. मे महिन्यात इथे पारा ४५च्या पुढे जातो. सिमेंटची घरं रात्री अकरालाही तापलेली असतात. माणसं गच्चीवर, धाब्यावर, अंगणात खाट टाकून झोपतात. पहाटे वारा सुटल्यावर कुठे जरा झोप लागते. शेतीची थ्री फेज वीज अजूनही अनेक ठिकाणी पाळीपाळीने रात्री येते. कापसाला, केळीला पाणी द्यायचं तर शेतकरी रात्री दोनला मोटार चालू करायला बॅटरी घेऊन शेतात जातो आणि ती झोप दुपारी निंबाखाली भरून काढतो. भुसावळची रेल्वेची माणसं पाळ्या बदलत जगतात. त्यांच्या झोपेचे तुकडे पडतात ते उष्णतेमुळे, विजेच्या वेळापत्रकामुळे, नोकरीमुळे. घड्याळाचा स्कोअर मात्र रात्रीची सलग सात-आठ तासांची झोप धरून चालतो आणि सकाळी त्यांना नापास करतो. एका शेतकऱ्याने मला विचारलं होतं, ‘माझी झोप खराब आहे तर मी काय करू, पाणी भरू नको?’ त्याला गोळीची गरज नव्हती, दिवसा वीज हवी होती. ते आपल्या हातात नाही, मला कळतं. पण त्याच्या जागरणाचा दोष त्याच्याच माथी मारून वर त्याला गोळीच्या दुकानात पाठवणारा आकडा आपल्या हातात आहे.

अधिनियमाच्या कलम १८ खाली आपण मार्गदर्शक तत्त्वं काढू शकता, कलम २१ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकता. खोकं आणि फ्लेक्स यांना आजचेच नियम पुरेसे आहेत, त्यांची तपासणी सुरू करावी. ॲपच्या पडद्यासाठी स्पष्ट सूचना काढावी: ॲप मराठीत चालत असेल तर खुलासाही मराठीत, स्कोअरच्या शेजारी, सेटिंगच्या चौथ्या पानात दडवलेला नको. प्रयोगशाळेतल्या तपासणीशी तुलना केली असेल तर किती आणि कोणत्या वयाच्या माणसांवर केली ते छापावं; केली नसेल तर गाढ झोपेची मिनिटं दाखवूच नयेत. ‘उत्तम’, ‘खराब’, ‘सुधारणा आवश्यक’ हे शेरे काढून टाकावेत, निदान साठीपुढच्या माणसाला तरी ते तरुणाच्या मापाने देऊ नयेत. आणि एक ओळ मला फार हवी आहे: दिवसा अनावर झोप येत असेल किंवा झोपेत श्वास अडत असेल, तर स्कोअर काहीही असो, डॉक्टरांना भेटा. त्या ट्रकचालकाला हे माझ्या तोंडून पटत नाही, घड्याळाने सांगितलं तर कदाचित पटेल.

अमेरिकेतल्या झोपवैद्यकांच्या अकादमीने २०१८ मध्ये म्हटलं होतं की ही साधनं वैद्यकीय तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत, पण रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातल्या बोलण्याला त्यांची मदत होऊ शकते. मला तेवढंच हवं आहे. घड्याळं बंद करा असं मी म्हणत नाही. कोणी झोपेची वेळ नियमित व्हावी म्हणून ते वापरत असेल तर खुशाल वापरावं.

कलम १७ प्रमाणे अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही करता येते, म्हणून या पत्राची एक प्रत जळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयात देते आहे. खोक्याच्या सहाही बाजूंचे आणि फ्लेक्सचे फोटो सोबत जोडले आहेत. एक विनंती आहे. फोटोत दुकानाची पाटी झाकली आहे, ती मुद्दाम. तो मुलगा आलेला माल विकतो, खालची इंग्रजी ओळ त्यानेही वाचलेली नव्हती. चौकशी करायची ती ज्यांनी खोकं छापलं त्यांची करावी.

आपली,
एक औषध विक्रेती
अमळनेर, जि. जळगाव